एडिटर टाकून देता का, दादा?

नागपूरचा पारा ४५ वरून खाली उतरायला लागला की मिहानमध्ये नवी पोरं रुजू व्हायला सुरुवात होते. टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस, टेक महिंद्रा आणि त्यांच्या सावलीतल्या लहानमोठ्या कंपन्या. पोरं वर्ध्याची, यवतमाळची, गोंदियाची, चंद्रपूरची. २०१९ पासून खापरीपर्यंत मेट्रो आली, त्यामुळे सीताबर्डीच्या आसपास खोली घेऊन राहणाऱ्यांचे बरे झाले. ऑफिसच्या लॅपटॉपवर काय टाकायचे ते आयटी विभाग ठरवतो, तिथे तुमचे-आमचे मत कोणी विचारत नाही. पण खोलीवर एक स्वतःचा, बहुधा सेकंडहँड, चार जीबी रॅमचा लॅपटॉप असतो. विंडोज त्यावर रांगते म्हणून कोणीतरी उबंटू टाकून दिलेले असते. आणि मग शनिवारी दुपारी फोन येतो, "दादा, तो एडिटर टाकून देता का? इन्स्टॉलच नाही होऊन राहिला."

"तो एडिटर" म्हणजे कोणता हे विचारावे लागत नाही. व्हिज्युअल स्टुडिओ कोड. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२४ च्या पाहणीत जवळपास तीन-चतुर्थांश लोकांनी तोच वापरतो असे सांगितले होते. मीही नोकरीत तोच वापरतो आणि तो वाईट आहे असे मी अजिबात म्हणणार नाही. माझे म्हणणे वेगळेच आहे. शिकणाऱ्या पोराने स्वतःच्या लिनक्सवर पहिला एडिटर कोणता टाकावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कसा टाकावा, याकडे आपण (म्हणजे दादा-ताई मंडळी) फार हलक्याने बघतो. "हे घे, ही ओळ कॉपी कर, टर्मिनलमध्ये चिकटव, पासवर्ड टाक, झालं." दोन मिनिटांत काम झाले, पोरगा खूश, आपण खूश. पण त्या दोन मिनिटांत त्याने काय केले हे त्याला कोणीच सांगितलेले नसते.

काय केले ते सांगतो. 'सुडो' लिहून पासवर्ड टाकला म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा पुढच्या आज्ञेच्या हातात दिला. जालावर ज्या कृती सापडतात त्यांतली एक फार लोकप्रिय आहे: कर्लने कुठूनतरी एक स्क्रिप्ट आणायची आणि पाइप करून थेट सुडो बॅशच्या तोंडात घालायची. म्हणजे दारावर आलेल्या माणसाचे तोंडही न बघता त्याला तिजोरीपर्यंत नेऊन सोडायचे. (आज्ञा मी इथे देवनागरीतच लिहितोय. तुम्ही हे कॉपी करून चिकटवू नये म्हणून :) )

बरे, स्क्रिप्ट नको, डेब फाईल उतरवून घेतली तरी प्रकार फार निराळा नाही. डेब म्हणजे एक डबा. त्यात दोन कप्पे असतात: एकात डिस्कवर मांडायच्या फायली, दुसऱ्यात त्या पॅकेजची माहिती आणि काही छोट्या स्क्रिप्ट. फायली मांडून झाल्या की त्या स्क्रिप्ट चालतात आणि चालतात त्या रूटच्या अधिकारानेच. व्हीएस कोडची डेब हेच करताना, तुम्ही हो म्हटले की, मायक्रोसॉफ्टचे भांडार तुमच्या ॲप्टच्या यादीत घालते आणि त्यांची सहीची किल्लीही बसवते. सोय म्हणून ते उत्तम आहे, पुढचे अपडेट आपोआप येतात. पण याचा अर्थ असा की यापुढे तुमच्या मशीनवर रूट म्हणून काय यायचे हे ठरवणाऱ्यांत आता एका कंपनीची भर पडली. तुम्ही एडिटर मागितला होता, सोबत एक कायमचा पाहुणा आला.

हे मी उगाच ताणत नाहीये. २०२१ च्या फेब्रुवारीत रास्पबेरी पाय वापरणाऱ्या जगभरच्या लोकांना अचानक दिसले की आपल्या पाय ओएसमध्ये मायक्रोसॉफ्टचे भांडार आणि किल्ली येऊन बसली आहे. व्हीएस कोड टाकणे सोपे व्हावे म्हणून एका साध्या अपडेटमधून ती सगळ्यांनाच वाटली गेली होती. ज्यांनी कधी तो एडिटर मागितला नव्हता, जे पडद्याशिवाय नुसता सेन्सरला जोडलेला पाय चालवत होते, त्यांनाही. बराच गदारोळ झाला. काही लोक म्हणाले, एवढे काय त्यात? माझे मत गदारोळ करणाऱ्यांच्या बाजूचे. भांडार चांगले की वाईट हा मुद्दा नाही. विचारले नाही हा मुद्दा आहे.

जुन्या कृतींचा आणखी एक घोळ आहे, तो समजून घेण्यासारखा आहे. २०१६-१७ साली लिहिलेल्या बहुतेक कृती 'ॲप्ट-की' वापरून किल्ली बसवायला सांगतात. ही पद्धत डेबियन-उबंटूने मोडीत काढली, आणि कारण साधे आहे. त्या पद्धतीने बसवलेली किल्ली फक्त त्या एका भांडारापुरती चालत नाही. यादीतल्या कुठल्याही भांडाराचा माल त्या किल्लीच्या सहीने खरा मानला जातो. म्हणजे दूधवाल्याला फाटकाची किल्ली दिली आणि त्याच किल्लीने घरातले प्रत्येक कपाट उघडू लागले. आता 'साइन्ड-बाय' लिहून किल्ली एका भांडाराला बांधतात. पण सर्च केले की वर येते ती जुनीच कृती. पोरगा ती चिकटवतो, इशारा येतो, किंवा नव्या आवृत्तीवर आज्ञाच सापडत नाही, आणि मग तो म्हणतो, "लिनक्स लय अवघड आहे बे." अवघड लिनक्स नाही, शिळी कृती आहे.

यावर कोणी म्हणेल, मग स्नॅप किंवा फ्लॅटपॅक वापरा, एका क्लिकचे काम. खरे आहे, पण त्यांच्याही खोड्या आहेत. फ्लॅटपॅक ॲपला पिंजऱ्यात ठेवतो. ब्राउझरसाठी ते छान, एडिटरसाठी मात्र पंचाईत, कारण एडिटरच्या आतले टर्मिनल पिंजऱ्यातले जग बघते. बाहेर तुम्ही जीसीसी, पायथन, जावा सगळे टाकलेले असते आणि आत "सापडत नाही" असे उत्तर येते. नवशिक्याचा अर्धा दिवस इथे जातो. स्नॅपवर व्हीएस कोड मिळतो तो 'क्लासिक' पद्धतीने, म्हणजे पिंजरा नाहीच. मग स्टोअरवर किती विसंबायचे? २०१८ च्या मे महिन्यात स्नॅप स्टोअरवर '२०४८बंटू' नावाच्या एका खेळाच्या पोटात क्रिप्टो नाणी खणणारा प्रोग्राम सापडला होता. स्टोअर हा शब्द ऐकला की आपल्याला कोणीतरी तपासून ठेवले आहे असे वाटते. प्रत्येक वेळी ते तसे नसते.

आता माझे मत सांगतो, ज्याला पटेल त्याने घ्यावे. शिकणाऱ्याच्या मशीनवर पहिला एडिटर त्या डिस्ट्रोच्या स्वतःच्या भांडारातून यावा. सुडो ॲप्ट इन्स्टॉल जीनी. किंवा केट. एवढेच. नवी किल्ली नाही, नवे भांडार नाही, कर्ल नाही. उबंटू टाकताना ज्यांच्यावर विश्वास ठेवायचा ते तुम्ही एकदा ठरवलेलेच आहे, त्यात कोणाची भर पडत नाही.

डिस्ट्रोच्या भांडारात धोका नसतो असे मात्र समजू नका. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या फायली आवळणाऱ्या साध्या लायब्ररीत कोणीतरी दोन-अडीच वर्षे विश्वास कमावून चोरदार बसवलेले निघाले. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय हा प्रश्न पडला म्हणून ते सापडले. (अर्धा सेकंद! आपल्याकडे बिल्डला वीस मिनिटे लागली तरी आपण चहाला जातो.) तो माल डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबलमध्ये, फेडोराच्या पुढच्या आवृत्तीत पोचला होता. डेबियन स्टेबलमध्ये नव्हता. स्टेबलला लोक "जुनाट" म्हणून हसतात, पण त्या वेळी ते मागे राहणेच कामी आले.

जीनी का, तर सांगतो. २००५ सालचा आहे, काही एमबीत येतो, चार जीबीच्या मशीनवर उघडला हे कळतसुद्धा नाही. सीची फाईल लिहा, एफ९ दाबा, बिल्ड होते. एफ५ दाबा, चालते. आणि खालच्या खिडकीत जीसीसीची पूर्ण आज्ञा दिसते. मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. आमच्या पिढीने निळ्या पडद्याच्या टर्बो सीवर सी शिकले, आणि महाराष्ट्रातल्या कित्येक कॉलेजांत १९८७ साली जन्मलेला तो कंपायलर डॉसबॉक्समध्ये घालून घालून पुढची कितीतरी वर्षे जगवला गेला. त्याचा परिणाम असा की कंपायलर आणि एडिटर या दोन वेगळ्या वस्तू आहेत हेच पोरांना नोकरी लागेपर्यंत कळत नसे. 'कोनिओ' हेडर म्हणजे सी भाषेचाच भाग, असे छातीठोक सांगणारे इंजिनियर मी पाहिले आहेत. आता टर्बो सीच्या जागी व्हीएस कोड आला, आणि गोंधळ तोच. "दादा, व्हीएस कोड टाकला पण सी नाही चालून राहिलं." अरे, कंपायलर टाकलास का? "तो वेगळा असतो?"

दोष पोराचा नाही. त्याला हत्यारच विषय म्हणून शिकवले गेले.

मग चार जीबीचा प्रश्न. व्हीएस कोड इलेक्ट्रॉनवर चालतो. इलेक्ट्रॉन म्हणजे प्रत्येक ॲपच्या पोटात एक अख्खा क्रोमियम ब्राउझर. दोन-चार एक्स्टेन्शन टाकली की एक जीबीच्या आसपास सहज जातो. बाजूला फायरफॉक्समध्ये व्हिडिओ चालू, उबंटूचा डेस्कटॉप स्वतःचा वाटा घेऊन बसलेला. मशीन स्वॅपवर जाते, अक्षर टाइप केल्यावर पडद्यावर यायला वेळ लागतो. आणि पोरगा काय निष्कर्ष काढतो? की आपलं मशीन भंगार आहे. कधी कधी तर, की आपणच स्लो आहोत, बाकीचे पुढे गेले. घरी बापाने उधारी करून घेतलेल्या लॅपटॉपला भंगार म्हणणारा पोरगा बघितला की मला राग येतो; पोरावर नाही, त्याला हे एडिटर-प्रकरण घालून देणाऱ्यांवर. शिवाय डेटा. ती डेब शंभर एमबीच्या आसपास असते आणि वारंवार नवी येते. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या खोलीत हा हिशोब लागतो.

गंमत अशी की एडिटरच्या जन्मकथा अशाच गरिबीतल्या आहेत. बिल जॉयने १९७६ च्या सुमारास बर्कलीत व्हीआय लिहिला तेव्हा तो घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करत होता. पडद्यावर अक्षर उमटण्यापेक्षा माणूस वेगाने टाइप करी. म्हणून व्हीआयच्या आज्ञा एकेका अक्षराच्या. एच-जे-के-एलने कर्सर हलतो तो शौक म्हणून नव्हे. त्याच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाण त्या चार कळांवरच छापलेले होते. पुढे ब्राम मूलेनारने १९९१ साली व्हिम प्रसिद्ध केला आणि पैसे मागितले ते स्वतःसाठी नाही, युगांडातल्या अनाथ मुलांसाठी. आजही व्हिम नुसता उघडला की त्या मुलांना मदत करा अशी ओळ येते. मूलेनार २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेला. रोज ती ओळ बघूनही वाचणारे थोडेच.

म्हणून सगळ्यांनी व्हिमच वापरा असे मी म्हणणार, असे वाटले असेल तर नाही. व्हिमवाल्यांची तोऱ्याची एक तऱ्हा असते, ती मला आवडत नाही. "व्हीएस कोड वापरतो? मग तू कसला डेव्हलपर?" असल्या बोलण्याने कोणी शिकत नाही. व्हिममधून बाहेर कसे पडायचे हा स्टॅक ओव्हरफ्लोवरचा प्रश्न २०१७ सालीच दहा लाख वेळा बघितला गेला होता, तेव्हा अडकणारे आपण एकटे नाही. उबंटूने तर यात आणखी भर घातली आहे. तिथे मुळात मिळतो तो व्हिम-टायनी, आणि तो व्हीआय म्हणून उघडला की टाइप करताना बाणाची कळ दाबल्यावर कर्सर हलण्याऐवजी ए, बी, सी, डी अशी अक्षरे उमटतात. नव्या पोराला वाटते कीबोर्ड बिघडला. पूर्ण व्हिम टाकला की हा त्रास जातो. हे एक वाक्य कोणी सांगत नाही म्हणून कितीतरी लोक व्हिमला कायमचे घाबरतात.

पण व्हीआय पोटापुरता यायलाच हवा, आणि त्याचे कारण मिहानमध्येच आहे. इथली बरीच कामे परदेशातल्या ग्राहकांचे सर्व्हर सांभाळण्याची आहेत. रात्रपाळीला एसएसएचने कुठल्यातरी दूरच्या मशीनवर शिरायचे आणि एक कॉन्फिग फाईल दुरुस्त करायची. तिथे डेस्कटॉप नाही, काही टाकायची परवानगी नाही. लोक त्यावर तोडगा म्हणून व्हीएस कोडची रिमोट सोय वापरतात. ती छानच आहे, पण दुसऱ्या टोकाला ती स्वतःचा एक सर्व्हर बसवते. २०२४ च्या फेब्रुवारीत व्हीएस कोडची १.८६ आवृत्ती आली आणि त्या सर्व्हरला ग्लिबसी २.२८ किंवा त्यापुढची लागू लागली. सेंटओएस ७ आणि उबंटू १८.०४ या दोन्हींत त्याहून जुनी. आदल्या दिवशी चालणारे कनेक्शन अपडेटनंतर बंद. जगभर इतकी ओरड झाली की मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच जुन्या मशीनना वर्षभराची सवलत दिली. २०२५ च्या १.९९ आवृत्तीनंतर ती सवलतही संपली. कंपनीची बाजू मी समजू शकतो, जुनी ग्लिबसी किती वर्षे ओढायची? पण ज्याला व्हीआयमध्ये एक ओळ बदलून सेव्ह करता येत होती त्याचे त्या दिवशी काहीच अडले नाही, एवढे खरे.

मालकीबद्दल थोडेसे. व्हीएस कोड "ओपन सोर्स आहे" असे सरसकट सांगितले जाते. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचा स्रोत एमआयटी परवान्याखाली खुला झाला हे बरोबर. पण आपण जी डेब उतरवतो ती त्या परवान्याखाली नाही, तिला मायक्रोसॉफ्टचा वेगळा परवाना आहे आणि वापराची माहिती पाठवण्याची सोय मुळातच चालू असते (सेटिंगमध्ये बंद करता येते, करा). डाळ-तांदूळ सार्वजनिक, शिजलेली खिचडी कंपनीची. ज्यांना स्वतः शिजवलेली हवी त्यांच्यासाठी व्हीएसकोडियम आहे. पण त्याला एक्स्टेन्शनचे अधिकृत दुकान वापरता येत नाही, एक्लिप्स फाउंडेशनच्या ओपन व्हीएसएक्सवर भागवावे लागते. २०२५ च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टचे सी-सी++ चे एक्स्टेन्शन अशा भावंड-एडिटरांत चालेनासे झाले. नियम आधीपासून लिहिलेला होता, अंमल नंतर झाला. आणि कंपनीच्या मर्जीवर जगणाऱ्या एडिटरचे काय होते ते ॲटमने दाखवलेच आहे. गिटहबने २०१४ मध्ये आणला, इलेक्ट्रॉनचा जन्मही त्याच्याच पोटी झाला. २०१८ मध्ये गिटहब मायक्रोसॉफ्टकडे गेले आणि १५ डिसेंबर २०२२ ला ॲटमचे दुकान बंद. असो.

तर शनिवारच्या फोनला मी आता काय करतो? पोराला बोलावतो, लॅपटॉप त्याच्याच हातात ठेवतो आणि मी टाइप करत नाही. आधी जीनी, मग बिल्ड-इसेन्शियल, मग पूर्ण व्हिम. पासवर्ड टाकायच्या आधी एकच प्रश्न: ही आज्ञा काय करणार ते मला सांग. सांगता आले की एंटर. महिन्या-दोन महिन्यांनी त्याला व्हीएस कोड हवा असेल तर खुशाल टाकावा, भांडाराची फाईल स्वतः उघडून बघून. बहुतेक जण टाकतात. टाकू देत. तोवर त्यांना भांडार म्हणजे काय आणि कंपायलर कुठे राहतो हे ठाऊक झालेले असते.

एक गोष्ट मात्र राहते, तिच्यावर माझ्याकडे उपाय नाही. मराठी. आयबसमध्ये एम१७एन टाकले की मराठीसाठी इनस्क्रिप्ट मिळतो, फोनेटिक मिळतो, आणि जुन्या मंडळींना आनंद होईल, चक्क गमभनसुद्धा मिळतो. लोहितचे फाँट टाकले की ग्राफिकल एडिटरात "दुसऱ्या"मधला अर्धा र नीट दिसतो. ईमॅक्सने २०२० च्या २७ व्या आवृत्तीत हार्फबझ घेतल्यापासून तिथेही जोडाक्षरे व्यवस्थित जुळतात. पण ग्नोमच्या टर्मिनलमध्ये व्हिम उघडा आणि "क्षत्रिय" लिहून बघा. क चा पाय मोडून बाजूला पडतो, ष वेगळा उभा. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक खोली देते आणि आपली अक्षरे एकत्र कुटुंबात राहणारी. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले, आणि टर्मिनलमधला क्ष आहे तिथेच आहे.

हे काम व्हीटीई नावाच्या लायब्ररीत करायचे आहे, ती सी++ मध्ये आहे, स्रोत खुला आहे, अडचण तिथल्या लोकांना ठाऊक आहे. खापरीच्या स्टेशनवर रोज सकाळी उतरणाऱ्यांत सी++ येणारे किती असतील? मला चार जण पुरेत. रविवारी सकाळी माझ्याकडे जागा आहे, वायफाय आहे, आणि तर्री-पोहे माझ्याकडून.